आपण दोघींनी जोडलेला कंप्युटर

वैनी,

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, तुझी लेक रेवाही कालच्या गाडीनं हॉस्टेलला परत गेली. आज सकाळी दादानं तुझ्या कंप्युटरवर जुनी चादर टाकली आणि म्हणाला, "राहू दे झाकून. धूळ बसंल." तो शूटिंगच्या कामाला भोरला गेल्यावर चादर काढली, घडी घातली आणि तुझ्या खुर्चीत बसले. खुर्ची तुझ्या उंचीला लावलेली आहे, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. तरी मी ती खाली केलेली नाही.

समोरासमोर बोलताना तू माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. मी सुरुवात केली की तुझं "कळलं, कळलं" सुरू व्हायचं आणि पुढचं तूच बोलायचीस. आता मला मध्ये तोडणारं कुणी नाही, म्हणून लिहितेय. लिहिताना तरी शेवटपर्यंत ऐकून घे.

मी सासर सोडून उत्रोलीला आले त्या दिवसापासून सुरू करते. आई-नाना गेल्यानंतर हे घर तुझं होतं. भावजयीच्या घरात कायमची परत आलेली नणंद कशी वागवली जाते ते मी आपल्याच गावात पाहिलेलं होतं. एसटीतून उतरून चालत येताना मी मनात वाक्यं जुळवत होते, तुला काय सांगायचं, किती सांगायचं. तू दारात आलीस, माझ्या हातातली बॅग घेतलीस आणि म्हणालीस, "हातपाय धू आधी. च्या ठेवलाय." बस, एवढंच. त्यानंतर तू मला एकदाही विचारलं नाहीस की काय झालं. दादा विचारायचा, चिडायचा, माझ्या सासरी जाऊन जाब विचारतो म्हणायचा. शेजारणी तर विचारायच्याच. एकीनं नळावर तुलाच विचारलं, "नणंद लई दिस ऱ्हायली की गं?" तू हंडा उचलता उचलता म्हणालीस, "तिचंच घर हाय, ऱ्हायली."

पण मी राहत होते म्हणजे काय, भिंतीला टेकून होते. भांडी घासायचे, झोपायचे, उठून परत भांडी घासायचे. जेवायला बसलं की घास तोंडात फिरत राहायचा.

दादा लग्नांचं शूटिंग करायचा आणि ते कापून-जोडून त्याची फिल्म करायचं काम तुझं. दहावी झाल्यावर तू लग्न होऊन आलीस आणि हे सगळं मोबाईलवर बघून शिकलीस. तुझा जुना कंप्युटर मात्र म्हातारा झाला होता. एखाद्या मोठ्या लग्नाचं शूटिंग त्यात घातलं की तो मध्येच थिजून जायचा आणि तू कपाळाला हात लावून बसायचीस. दुरुस्तीला दिला की कधी परत येईल त्याचा नेम नसायचा.

एका दुपारी जेवताना तू म्हणालीस, "नवा कंप्युटर आणायचा हाय. पर तयार न्हाई. आपुन जोडायचा."

दादाचा घास हातात राहिला. "जोडायचा म्हंजे? पाट हाय का टेबल, खिळं मारून जोडायला?"

"वंदा शिकलीया न्हवं कंप्युटरचं."

मी दचकले. म्हणाले, "वैनी, मी कॉलेजात प्रोग्रॅम लिहायला शिकले. कंप्युटरचं कॅबिनेट कधी उघडूनसुद्धा बघितलं नाही."

"म्या तरी कुठं उघडलंय? दोघी सारख्याच की."

"आन् बिघडलं तर?" दादानं विचारलं.

"बिघडलं तर दोघींचं बिघडलं," तू म्हणालीस आणि त्याला आमटी वाढलीस. तेवढ्यावर विषय संपला.

त्या दिवसापासून तू मला मोकळं बसू दिलं नाहीस. पावटे सोलताना मोबाईल डब्याला टेकवून ठेवायचीस आणि जगभरातली पोरं कंप्युटर कसा जोडतात ते आपण बघायचो. त्यांचं इंग्रजी मी तुला मराठीत सांगायचे. कुठला प्रोसेसर घ्यायचा, त्याला कुठला मदरबोर्ड चालतो, सगळ्यांना मिळून वीज पुरवणारा डबा केवढा लागेल. "ह्या प्रोसेसरचं आन् ह्या बोर्डाचं जमतंय का बघ बरं," तू म्हणायचीस. "पत्रिका जुळव." आणि मी जुळवायचे. एकदा दोन बोर्डांमधला फरक शोधण्यात माझी सगळी दुपार गेली आणि तू दिवेलागणीला हाक मारलीस तेव्हा लक्षात आलं, आज दिवसभरात मला सासरची आठवण झाली नव्हती. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

सामान येऊ लागलं. मोठं खोकं आलं तेव्हा पार्सलवाला म्हणाला, उत्रोलीपर्यंत जमणार नाही, कापूरहोळला येऊन घेऊन जा. दादा लग्नाला गेलेला. तू म्हणालीस, "चल." घरी आल्यापासून मी गावाबाहेर पडले नव्हते. साडी मी दोनदा बदलली. कापूरहोळच्या फाट्यावर ढाब्याच्या बाकड्यावर बसून आपण वाट बघितली, दोन वेळा चहा प्यालो. टेम्पो आला, खोकं उतरलं आणि ते दोघींत धरून आपण भोरच्या एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "टीव्ही का?"

"टीव्हीचा थोरला भाऊ," तू म्हणालीस.

पलीकडच्या सीटवर भोंगवलीची एक ओळखीची बाई होती. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि तुला विचारलं, "ही हितंच व्हय अजून? सासरी न्हाई गेली?" माझी मान आपोआप खाली गेली. खोक्यावर तुझा हात होता, तो तू माझ्या हातावर ठेवलास. म्हणालीस, "कामाला लावलीया म्या तिला. सुट्टी न्हाई." आणि लगेच त्या बाईला तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं विचारायला लागलीस.

जोडायला आपण ओसरीवर बसलो, तिथं उजेड चांगला म्हणून. धुतलेली चादर अंथरली. अंगातली वीज आधी काढून टाकायची असते, नाहीतर नाजूक भाग जळतात, हे मी वाचलं होतं. म्हणून प्रत्येक वस्तू उचलण्याआधी आपण दोघी उठून खिडकीच्या गजाला हात लावून यायचो. बांगड्या बोर्डावर आपटू नयेत म्हणून तू दोन्ही मनगटांना रुमाल बांधले होतेस. शेजारची काकू दळण घेऊन चालली होती, ती थबकली आणि विचारती झाली, "हाताला लागलं का काय गं?" तू म्हणालीस, "न्हाई, आपरेशन करायचंय."

प्रोसेसर मी बसवला. त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि वरून दांडा दाबायचा. दांडा दाबताना करकर आवाज येतो आणि वाटतं सगळं चिरडलं. मी थांबले. "मला नाही जमणार, वैनी. तू दाब."

"आपुन दोघी दाबू," तू म्हणालीस. माझ्या अंगठ्यावर तुझा अंगठा आला. दांडा खाली गेला आणि वरचं काळं झाकण टप्पकन उडून तुझ्या पदरात पडलं. आपण दोघी ते बघत राहिलो. मग मी मोबाईलवर बघितलं, तर ते झाकण तसंच उडायचं असतं. तू ते उचलून कुंकवाच्या डबीत ठेवलंस. का, ते मला तेव्हाही कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, आत दिवा लागला, पण पडदा काळाच. कोपऱ्यात नुसतं लिहून आलं, सिग्नल नाही. रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. सगळ्या वायरी तपासल्या. परत तेच. दादा घरी आला, त्यानं थोडा वेळ उभं राहून बघितलं. तो रागावला नाही. उलट फार हळू आवाजात म्हणाला, "उद्या दुकानात नेऊन देऊ. ती लोकं बघतील." त्याचा तो हळू आवाजच मला सहन झाला नाही. मी उठून परसात गेले.

तू मागून आलीस आणि कपडे धुवायच्या दगडावर बसलीस. मी रडत होते. म्हणाले, "माझ्या हातानं काही धड होतच नाही, वैनी. ज्याला हात लावते ते बिघडतं."

तू सरकून मला दगडावर जागा केलीस. मग म्हणालीस, "बिघडलं न्हाई. काय तरी जोडायचं ऱ्हायलंय. त्या दोन येगळ्या गोष्टी हायेत."

मी तुझ्याकडे बघितलं.

"तुझ्या संसाराचं म्या बोलत न्हाई," तू घाईनं म्हणालीस. "त्यातलं मला ठावं न्हाई. म्या कंप्युटरचं बोलतीया."

रडता रडता मला हसू फुटलं. घरी आल्यापासून तुझ्यासमोर मी तेव्हा पहिल्यांदा हसले असेन. मग त्या दगडावर तुझ्या शेजारी बसून मी तुला सगळं सांगितलं, जे एसटीतून येताना मनात जुळवलं होतं ते आणि न जुळवलेलंही. त्या दिवशी तू मला मध्ये एकदाही तोडलं नाहीस.

सकाळी तू भाकरी थापत होतीस आणि मी चुलीशेजारी बसून बोर्डासोबत आलेलं माहितीपुस्तक वाचत होते. त्यात एका ओळीवर मी अडकले. आपण घेतलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नव्हती, ते काम वेगळ्या ग्राफिक कार्डाचं होतं. कार्ड आपण बसवलंही होतं. पण पडद्याची वायर मात्र वरच्या भोकात खोचली होती, बोर्डाच्या. मी उठून ओसरीवर गेले, वायर काढली, खालच्या, कार्डाच्या भोकात घातली आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

तू भाकरीचा हात तसाच घेऊन दारात आलीस. "आलं?"

"आलं."

तू पिठाच्या हातांनी मटकन खाली बसलीस आणि पडद्याकडे बघत राहिलीस. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी उठली नाहीस. दादा आला, त्यानं विचारलं काय झालं होतं. मी म्हणाले, वायर चुकीच्या भोकात होती. "वायरच व्हय?" त्यानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हसत होते. त्यानंतर महिनाभर भोरमध्ये जो भेटेल त्याला तो सांगत होता, आमच्या बायकांनी घरात कंप्युटर जोडला. तू त्याला दटावायचीस, "बायकांनी काय? नावं सांगत जावा की."

तू कॅबिनेटला हळदकुंकू लावायला निघालीस आणि मी आडवी आले. म्हणाले, पंखा सगळी हळद आत ओढेल. तू म्हणालीस, ओढू दे, आतपतोर लागंल. शेवटी बोट पाण्यात भिजवून तू मागच्या पत्र्यावर ठिपका लावलास. तो आत्ताही आहे. मी आजवर पुसला नाही, पण तुझं म्हणणं अजूनही मला पटलेलं नाही, हे इथं नमूद करते.

मग मी तुझ्या कामात आले ती आलेच. तू चित्रं जोडायचीस, मी आवाज आणि रंग बघायचे. सही करून माझं लग्न मोडलं त्या दिवशी तू माझ्याबरोबर होतीस. परतीच्या वाटेवर तू विचारलंस, "पुढल्या लग्नाला गाणं कुठलं लावायचं?" मी तुझ्याकडे बघितलं तर तुझा चेहरा पडलेला. "अगं, शूटिंग आलंय त्या लग्नाचं म्हंते म्या." आपण दोघी इतक्या हसलो की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

एक वाद मात्र आपला राहूनच गेला. भातातलं तण काढताना मी तुला एकदा सरळ विचारलं, "वैनी, कंप्युटर जोडायचं तू माझ्यासाठी काढलंस ना?"

"तुझ्यासाठी कशापायी? मला पायजे हुता म्हनून."

"मग तयार का नाही आणलास?"

"तयार कंप्युटरला ती लोकं रंगीबेरंगी दिवं लावत्यात. मला न्हाई आवडत."

पुढं परत विचारलं तेव्हा म्हणालीस, आत काय असतं ते बघायचं होतं. तिसऱ्या वेळी म्हणालीस, तुझ्या दादास्नी दाखवायचं होतं. दर वेळी कारण वेगळं. मी म्हणायचे, बघ, खोटं बोलतेस, एक काही सांग. तू म्हणायचीस, चार कारणं असू न्हाईत व्हय मानसाला? खरं सांगू का, मला कारण नकोच होतं. तू एकदा हो म्हणाली असतीस तर मला त्याच्यावर काही बोलता आलं असतं. ते बोलायला तू जागाच ठेवली नाहीस. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही, आणि तुला ती चांगलीच सोयीची होती.

तू गेलीस त्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना तू डोकं धरून खाली बसलीस. दवाखान्यात न्यायला दादानं गाडी काढली. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. कापूरहोळला हायवेला लागलो तेव्हा तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "गॅस बंद केला का?"

"केला," मी म्हणाले.

"बरं."

आपल्यातलं शेवटचं बोलणं हेच. पहिले काही दिवस मला त्याचा फार त्रास झाला. वाटायचं, तू आणखी काही बोलायला हवं होतंस, मी तरी बोलायला हवं होतं. आता तितकं वाटत नाही. तू घराचं विचारलंस, मी उत्तर दिलं, आणि तुझा माझ्यावर विश्वास बसला.

दहावं झाल्यावर दादानं मला तुझं अर्धवट राहिलेलं काम दाखवलं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीतलं धनगराच्या घरचं लग्न. त्या लोकांनी तगादा लावला नव्हता, पण वाट बघत असणार. मी कंप्युटर लावला, तुझी फिल्म उघडली. तू जिथं काम थांबवलं होतंस तिथं फिल्म कुठवर आलीय ते दाखवणारी लाल रेघ उभी होती, मंगलाष्टकांच्या मध्यावर. पडद्यावर चित्र होतं मुलीच्या आईचं. मांडवात नव्हे. घराच्या मागं, तुळशीपाशी, पाठमोरी, हातात तांब्या.

ह्या चित्रावरून आपण भांडलो होतो. मुलीच्या आईनं मंगलाष्टका बघायच्या नसतात, म्हणून ती मागं तुळशीला पाणी घालत बसते, हे मला माहीत होतं. पण मांडवात अक्षता पडतायत, अंतरपाट धरलाय, आणि तू मध्येच ते सोडून परसात जातेस आणि तिथंच थांबतेस, हे मला लांबट वाटत होतं. मी म्हणाले, एवढं कशाला, एक झलक पुरे. तू म्हणालीस, "समद्या गावानं लगीन बघितलं. तिनं एकटीनं न्हाई बघितलं. तिला दोन्ही बघू दे. पोरगी तिथं काय करत हुती, आन् ती हितं काय करत हुती." दादाला तू प्रत्येक लग्नात बजावून पाठवायचीस, आईला विसरू नका.

बराच वेळ मी ती रेघ पुढं सरकवू शकले नाही. मग सरकवली. आईचं चित्र तू ठेवलं होतंस तेवढंच ठेवलं. नवरदेवाच्या मित्रांचा नाच मात्र कापला. तो खरंच फार लांबला होता. भांडायचं असेल तर भांड.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी दादाबरोबर ती फिल्म द्यायला गेले. लोक म्हणाले, ह्या दिवसांत कशाला घराबाहेर पडता. दादा म्हणाला, तिचं काम हाय, तिनं थांबवलं नसतं. गाडी खाली लावून वाडीपर्यंत चढावं लागतं. मुलीची आई शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं हात धुतले, आम्हाला घोंगडीवर बसवलं, ताक दिलं. मी फिल्म टीव्हीला जोडून दिली. ती आधी दारात उभी राहून बघत होती. मंगलाष्टका लागल्या तशी आत येऊन टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. मुलगी अंतरपाटापलीकडे मान खाली घालून उभी होती. मग तुळस आली, तांब्या आला, पाठमोरी बाई आली.

"ही म्याच व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय," दादा म्हणाला.

अक्षता संपल्या, अंतरपाट दूर झाला, हार पडले. ती पदर तोंडाशी धरून बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "परत लावता का तेवढंच?" मी परत लावलं.

निघताना ती आमच्याबरोबर वाडीच्या टोकापर्यंत आली. तिला दादा ठाऊक होता, मला ती ओळखत नव्हती. म्हणाली, "लग्नाच्या आधी त्या ताई फोनवर बोलल्या हुत्या माझ्याशी. तुमी तवा कुठं असाल, काय करत असाल, समदं इचारलं. त्या न्हाई आल्या?"

दादानं गाडीच्या दिशेला तोंड वळवलं. मला तिला सांगायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला मोडवेना.

"न्हाई आल्या," मी म्हणाले.

"त्यास्नी माझं येवढं सांगा," ती म्हणाली. "म्हनावं, म्या लगीन बघितलं."

सांगते, म्हणाले मी तिला.

वैनी, तिनं लग्न बघितलं.